बायको एच-फोरवर येतेय, पुढे बाळाचा विचार: कंपनीच्या तीन प्लॅनपैकी कुठला घ्यावा?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही अमेरिकेत एच-वन-बी (नोकरीच्या व्हिसा) वर आहात, आत्तापर्यंत एकट्याचाच इन्शुरन्स होता, बायको फेब्रुवारीत एच-फोरवर (एच-वनवाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर) येतेय आणि वर्ष-दीड वर्षात बाळाचा विचार आहे. कंपनीची ओपन एनरोलमेंट (वर्षातून एकदा प्लॅन निवडायची मुदत) चालू आहे, नवीन प्लॅन १ जानेवारी २०२६ पासून, समोर तीन पर्याय: पीपीओ (मोठं नेटवर्क, म्हणजे प्लॅनशी करार असलेले डॉक्टर आणि हॉस्पिटलं भरपूर), एचडीएचपी (प्रीमियम कमी, पण आधी स्वतः भरायची रक्कम मोठी) आणि एचएमओ (लहान, ठरलेलं नेटवर्क). ऑफिसमधले सगळे म्हणतात डोळे मिटून पीपीओ घे. शिवाय बायकोला डिलिव्हरीला भारतात पाठवलं तर कसं आणि आई-बाबा मदतीला आले तर त्यांच्या इन्शुरन्सचं काय, हेही विचारलंय.

मी आधी एका प्रसूती क्लिनिकच्या बिलिंगमध्ये होते आणि आता एका कंपनीच्या बेनिफिट्स टीममध्ये आहे, म्हणजे बिलं पाठवायचंही काम केलंय आणि बिल हातात घेऊन घाबरलेल्या लोकांचे फोनही घेतलेत. त्यावरून माझं मत असं झालंय की "कुठला प्लॅन चांगला" हा प्रश्न लोक फार लवकर विचारतात. त्याआधी दोन गोष्टी ठरायला हव्यात, डिलिव्हरी कुठल्या कॅलेंडर वर्षात येणार आणि कुठल्या हॉस्पिटलात होणार. ही दोन उत्तरं हातात असली की तिसरं बहुतेक आपोआप निघतं, आणि तुमच्या बाबतीत पहिल्याच उत्तरामुळे सगळं चित्र बदलतंय, ते पुढे सांगते.

पण सगळ्यात आधी, बायकोचं नाव आत्ताच घाला. ती फेब्रुवारीत येणार म्हणून "आल्यावर घालू" असं बहुतेकजण ठरवतात आणि इथेच गाडी अडते. वर्षाच्या मध्ये नाव घालायला कायद्याने जी कारणं चालतात ती म्हणजे लग्न, बाळाचा जन्म, दत्तक, किंवा आधीचा इन्शुरन्स सुटणं. तुमच्या लग्नाला दोन वर्षं झाली, म्हणजे ती खिडकी केव्हाच बंद झाली. बायको अमेरिकेत आली हे कारण बऱ्याच कंपन्या मान्य करतात, पण सगळ्याच करतात असं नाही, आणि ज्या करतात त्याही साधारण ३० दिवसांत कागदपत्रं मागतात. तेव्हा तिची नोंद जानेवारीपासूनच करता येते का ते एचआरला ईमेलवर विचारा (फोनवर नको, लेखी उत्तर पाहिजे). एखाद-दुसऱ्या महिन्याचा प्रीमियम फुकट गेल्यासारखा वाटेल, पण वर्षभर बायको बिनाइन्शुरन्स राहण्यापेक्षा ते कितीतरी परवडतं. तिच्याकडे सोशल सिक्युरिटी नंबर नसणार, त्यामुळे ऑनलाइन फॉर्म अडला तर बेनिफिट्सच्या माणसाला सांगा, नंबर नसतानाही नोंद करता येते.

आणि तिच्यासाठी "तात्पुरती" व्हिजिटर पॉलिसी वगैरे घेऊन दिवस काढू नका. त्या पॉलिसी अचानक आजारपण आणि अपघातासाठी असतात, बाळंतपण त्यात सहसा सरळ वगळलेलं असतं. शॉर्ट-टर्म प्लॅन म्हणून जे विकतात त्यांचंही तेच. प्रीमियम स्वस्त असतो त्याचं कारणच हे.

आता एक भीती आहे ती काढून टाकू, कारण भारतातून आलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या डोक्यात ती असते. भारतात मॅटर्निटी कव्हरला वेटिंग पिरियड असतो, आधी पॉलिसी घ्या मग काही वर्षं थांबा. इथे कंपनीच्या प्लॅनमध्ये तसलं काही नाही. प्रेग्नन्सीला आधीचा आजार धरून नाकारायला ग्रुप, म्हणजे कंपन्यांच्या प्लॅनना १९९६ च्या कायद्यापासूनच बंदी आहे. १५ किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपनीने हेल्थ प्लॅन दिला तर त्यात बाळंतपण इतर आजारांसारखंच कव्हर करावं लागतं, हा कायदा तर १९७८ चा. २०१४ पासून छोट्या कंपन्यांच्या आणि स्वतः विकत घ्यायच्या नियमित प्लॅनमध्येही मॅटर्निटी आणि नवजात बाळाची काळजी आलीच पाहिजे असं झालं. नवीन नोकरीत प्लॅन सुरू व्हायला कंपनी थांबवू शकते ते जास्तीत जास्त ९० दिवस. याचा तुमच्यासाठी अर्थ एवढाच की बायको प्रेग्नंट असतानाही पुढच्या ओपन एनरोलमेंटमध्ये तुम्ही प्लॅन बदलू शकता, कोणी काही विचारणार नाही. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आता पैशांकडे. डिडक्टिबल, को-इन्शुरन्स हे शब्द तुम्ही बघितले असतीलच: डिडक्टिबल भरेपर्यंत सगळं तुमचं, मग बिलातला ठराविक टक्का तुमचा, आणि आउट-ऑफ-पॉकेट मॅक्स, म्हणजे वर्षात तुमच्या खिशातून जास्तीत जास्त जाणारी रक्कम, गाठला की पुढचं इन-नेटवर्क बिल सगळं इन्शुरन्सचं. २०२६ साठी कायद्याने हा मॅक्स एका माणसाला १०,६०० डॉलर आणि कुटुंबाला २१,२०० डॉलर यापेक्षा जास्त ठेवता येत नाही, बऱ्याच कंपन्यांचा त्याहून बराच कमी असतो. लोक हिशोबात चुकतात ते दुसऱ्याच ठिकाणी. बाळ जन्मलं त्या क्षणापासून ते वेगळा पेशंट असतं. त्याचं वेगळं बिल, वेगळं डिडक्टिबल (प्लॅनचं कुटुंबाचं मिळून एकच नसेल तर), वेगळा मॅक्स. आईचा मॅक्स संपला म्हणून हॉस्पिटलात बाळाचं सगळं फुकट होईल असं धरून चालतात आणि मग महिन्याभराने बाळाच्या नावाने पाकीट येतं. सगळं सुरळीत झालं तरी येतं, आणि बाळाला एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) ठेवावं लागलं तर ते आईच्या बिलाच्या कित्येक पट असू शकतं. तेव्हा डिलिव्हरीच्या वर्षाचा हिशोब करताना कायम दोन माणसांचा करा.

तुम्ही दिलेले आकडे घेऊन करून दाखवते. पीपीओ: महिना ५२० डॉलर, डिडक्टिबल माणशी ७५०, नंतर २० टक्के, मॅक्स माणशी ३,५०० आणि कुटुंबाचा ७,०००. एचडीएचपी: महिना २१०, कुटुंबाचं मिळून डिडक्टिबल ३,४००, नंतर २० टक्के, मॅक्स माणशी ५,००० आणि कुटुंबाचा १०,०००, वर कंपनी एचएसएमध्ये (दवाखान्याच्या खर्चासाठीच्या टॅक्स वाचवणाऱ्या खात्यात) १,५०० टाकते. एचएमओ: महिना ३८०, डिडक्टिबल नाही, हॉस्पिटलात अ‍ॅडमिट व्हायला ५०० कोपे (प्रत्येक वेळी भरायची ठरलेली रक्कम), मॅक्स माणशी ३,००० आणि कुटुंबाचा ६,०००. सोयीसाठी धरू की इन्शुरन्सच्या ठरलेल्या दरांनी आईचं एकूण २०,००० आणि बाळाचं ३,००० डॉलर बिल झालं. आईचा आकडा मी हवेतून काढला नाहीये, केएफएफ या संस्थेच्या अभ्यासात २०१८ ते २०२० मध्ये मोठ्या कंपन्यांच्या प्लॅनमधल्या बायकांचा प्रेग्नन्सी, बाळंतपण आणि नंतरचा मिळून, बाळंतपण न झालेल्या बायकांपेक्षा सरासरी जास्तीचा खर्च १८,८६५ डॉलर आला होता, त्यातले २,८५४ स्वतःच्या खिशातून. सिझर झालं तर अर्थात जास्त.

पीपीओमध्ये आई मॅक्सला पोचते, ३,५००. बाळाचे ७५० आणि उरलेल्या २,२५० चे २० टक्के म्हणजे ४५०, मिळून १,२००. वर्षाचा प्रीमियम ६,२४०. एकूण १०,९४०. एचडीएचपीत आई मॅक्सला पोचते, ५,०००, बाळापर्यंत डिडक्टिबल संपलेलं असतं म्हणून त्याचे नुसते २० टक्के, ६००. प्रीमियम २,५२०, एकूण ८,१२०, त्यातून कंपनीचे १,५०० वजा केले की ६,६२०. एचएमओत आईचा कोपे, बाळाचा कोपे, किरकोळ २०० धरा, १,२०० आणि प्रीमियम ४,५६०, एकूण ५,७६०. बाळ झाल्यावर प्रीमियम थोडा वाढतो तो तिन्हीकडे वाढेल म्हणून सोडून दिलाय.

आता सगळ्यात वाईट बघू, आई आणि बाळ दोघांचंही बिल प्रचंड आलं, कुटुंबाचा मॅक्स गाठला. पीपीओ १३,२४०, एचडीएचपी ११,०२०, एचएमओ १०,५६०. म्हणजे "बाळंतपण आहे तर पीपीओच" हे तुमच्या कंपनीच्या आकड्यांत चांगल्या वर्षातही बसत नाही आणि वाईट वर्षातही नाही. पीपीओचा प्रीमियम एचडीएचपीपेक्षा वर्षाला ३,७२० डॉलर जास्त आहे, तो बिल येवो न येवो पगारातून कापला जाणारच. ऑफिसमधल्या मित्रांनी हा हिशोब केला असेल का, देव जाणे. अर्थात दुसऱ्या कंपनीत हेच उलटं निघू शकतं, काही कंपन्या पीपीओचा प्रीमियम जवळजवळ पूर्ण भरतात, मग प्रश्नच मिटला. म्हणून माझ्या उत्तरातला प्लॅन उचलू नका, पद्धत उचला: बारा महिन्यांचा प्रीमियम, अधिक दोन माणसांचा खर्च, वजा कंपनीचे एचएसएतले पैसे, एकदा साध्या डिलिव्हरीचं आणि एकदा वाईटात वाईट. आकडेमोड नको असेल तर प्रत्येक प्लॅनबरोबर एसबीसी नावाचा थोड्या पानांचा कागद द्यावाच लागतो, त्यात शेवटाकडे पेग नावाच्या बाईच्या बाळंतपणाचं उदाहरण असतं. तिन्ही प्लॅनच्या कागदांवरची पेग शेजारी शेजारी ठेवून बघा. दर सगळीकडे तोच धरलेला असल्याने तुलनेला बरी पडते, पण तो नमुना आहे, तुमच्या शहरातला दर नाही.

एचडीएचपीची एक गोष्ट मात्र हिशोबात दिसत नाही. प्रतिबंधात्मक तपासण्या सोडून पहिला डॉलर तुमच्या खिशातून जातो, सोनोग्राफीचं बिलही आणि लॅबचंही. ज्याच्या बँकेत पाच-सहा हजार बाजूला नाहीत त्याने, नुसती बेरीज कमी येतेय म्हणून, हा प्लॅन घेऊ नये असं मी सांगते. एचएसएत स्वतः पैसे टाकले तर २०२६ ला कुटुंबासाठी मर्यादा ८,७५० डॉलर आहे, कंपनीचे १,५०० त्यातच धरायचे. फेडरल टॅक्स वाचतो, कॅलिफोर्निया आणि न्यू जर्सीत असाल तर स्टेट टॅक्स वाचत नाही. हे पैसे वर्षअखेरीस बुडत नाहीत आणि पुढे प्लॅन बदलला तरी दवाखान्यासाठी वापरता येतात. एफएसएशी गल्लत करू नका, ते कंपनीमार्फतचं वेगळं खातं, त्यातले उरलेले पैसे सहसा बुडतात, आणि साधं एफएसए चालू असेल तर एचएसएत पैसे टाकता येत नाहीत.

आता तो वर्षाचा मुद्दा. डिडक्टिबल आणि मॅक्स १ जानेवारीला परत शून्यावर येतात. बायको फेब्रुवारीत येणार. अगदी मार्चमध्ये दिवस राहिले तर डिलिव्हरी साधारण डिसेंबर २०२६ ला. साधारण एप्रिलच्या मध्यापासून पुढे राहिले तर डिलिव्हरी २०२७ ला. म्हणजे तुम्ही आत्ता ज्या प्लॅनसाठी डोकं खाजवताय तो बहुधा डिलिव्हरीचा प्लॅन नसणारच! डिलिव्हरीचा प्लॅन तुम्ही पुढच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात निवडाल, आणि तोवर प्रेग्नन्सी असेल की नाही हेही माहीत असेल.

याला बिलिंगच्या बाजूने एक जोड आहे जी फार कोणी सांगत नाही. इथे ओबी, म्हणजे प्रसूतीची डॉक्टर, सहसा दर व्हिजिटचं वेगळं बिल लावत नाही. नऊ महिन्यांच्या नेहमीच्या तपासण्या, डिलिव्हरी आणि नंतरची तपासणी मिळून एकच पॅकेज, आणि ते डिलिव्हरी झाल्यावर डिलिव्हरीच्या तारखेने इन्शुरन्सला जातं. सोनोग्राफी, रक्ताच्या तपासण्या, हॉस्पिटल, भूल देणारे डॉक्टर, हे सगळं वेगळं. त्यामुळे डिलिव्हरी फेब्रुवारी २०२७ ला असेल, आणि क्लिनिकची बिलाची पद्धत आणि इन्शुरन्स कंपनी तीच राहिली, तर २०२६ मध्ये तुमच्याकडून सोनोग्राफी आणि लॅबचेच पैसे जातील, मोठी बिलं सगळी २०२७ च्या प्लॅनवर पडतील. क्लिनिकवाले मात्र साधारण मध्यावर एक कागद देऊन अंदाजे तुमचा हिस्सा हप्त्याने आधीच भरा म्हणतात. तो कुठल्या वर्षाचं डिडक्टिबल धरून काढलाय ते विचारा, कारण मी बिलिंगमध्ये असताना चालू वर्षाचे आकडे सर्रास धरले जायचे आणि मग जास्तीचे पैसे परत मिळवायला लोकांना महिनोन्‌महिने फोन करावे लागायचे.

मध्येच इन्शुरन्स कंपनी बदलली तर हे पॅकेज मोडतं आणि आधीच्या व्हिजिटांचं बिल जुन्या इन्शुरन्सला वेगळं जातं. त्यात गैर काही नाही, पण दोन्हीकडे डिडक्टिबल लागू शकतं आणि मुख्य म्हणजे तुमची डॉक्टर नवीन प्लॅनच्या नेटवर्कमध्ये असायला हवी, नाहीतर सातव्या महिन्यात नवीन डॉक्टर शोधत फिरायचं.

म्हणून हॉस्पिटल आणि डॉक्टर. घरापासून बेताच्या अंतरावरची जिथे डिलिव्हरी होते अशी हॉस्पिटलं किती, त्यात एनआयसीयू कुठे आहे (लेव्हल तीन किंवा चारचं असेल तर उत्तम), आणि तिथे डिलिव्हरी करणाऱ्या ओबी कोण, एवढी यादी करा. ओबी साधारण एक-दोन ठरलेल्या हॉस्पिटलांतच डिलिव्हरी करतात, त्यामुळे डॉक्टर नेटवर्कमध्ये पण तिचं हॉस्पिटल नाही असं होऊ शकतं. फोन करून "तुम्ही अमुक इन्शुरन्स घेता का" असं कधीच विचारू नका. "हो घेतो" याचा अर्थ आम्ही त्यांना बिल पाठवतो एवढाच, राहिलेलं तुमच्या माथी. "या प्लॅनच्या या नेटवर्कमध्ये तुम्ही इन-नेटवर्क आहात का" असं कार्डावरचं नेटवर्कचं नाव घेऊन विचारा, कारण एकाच इन्शुरन्स कंपनीची चार नेटवर्कं असतात. लॅबचंही विचारा, रक्त क्लिनिकमध्येच काढतात पण तपासायला कुठे पाठवतात ते आपल्याला माहीत नसतं, आणि जेनेटिक तपासण्यांची बिलं तिथूनच येतात.

एचएमओबद्दल लोकांच्या मनात उगाच अढी असते. हो, नेटवर्क लहान आणि बाहेर गेलात तर इमर्जन्सी सोडून काही मिळत नाही. पण ओबीकडे जायला रेफरल लागत नाही, तो नियम सगळीकडेच आहे, आणि कॅलिफोर्नियात कैसरसारखं (इन्शुरन्स आणि हॉस्पिटल दोन्ही त्यांचंच) एकाच छताखाली सगळं असेल तर बिलांचा त्रासही कमी. एचएमओचं हॉस्पिटल तुम्हाला पटलं तर डिलिव्हरीच्या वर्षासाठी मी तोच घेईन. घराजवळ त्यांचं एकच हॉस्पिटल आणि तेही पाऊण तासावर असेल तर पैसे वाचले तरी नको. पीपीओ कधी? बायकोला आधीचा काही त्रास आहे, एखाद्या विशिष्ट डॉक्टरकडेच जायचंय आणि ती दुसऱ्या कुठल्याच नेटवर्कमध्ये नाही, तेव्हा.

हॉस्पिटल नेटवर्कमध्ये आणि एपिड्युरल (कळांसाठी पाठीत द्यायची भूल) देणारा डॉक्टर बाहेरचा, म्हणून मागाहून भलंमोठं बिल, हा किस्सा तुम्ही ऐकला असेल. १ जानेवारी २०२२ पासून नो सरप्राइजेस अ‍ॅक्ट लागू झाल्यावर इन-नेटवर्क हॉस्पिटलात भूल, नवजात बाळांचे डॉक्टर, रेडिओलॉजी, पॅथॉलॉजी यांना तसं जादा बिल लावता येत नाही. आलंच तर भरू नका, आधी इन्शुरन्सला फोन करा. रस्त्यावरची अँब्युलन्स मात्र या कायद्यात नाही. आणि हॉस्पिटलातून लवकर घरी पाठवतील ही भीतीही नको, नॉर्मलला ४८ तास आणि सिझरला ९६ तास राहणं इन्शुरन्सला मान्य करावंच लागतं.

तर इथपर्यंतचं माझं उत्तर: २०२६ साठी बायकोचं नाव घालून एचडीएचपी घ्या, पीपीओशी जो प्रीमियमचा फरक आहे तो एचएसएत टाका, अशी ओबी आणि हॉस्पिटल शोधून ठेवा जे आजच्या आणि पुढच्या दोन्ही प्लॅनच्या नेटवर्कमध्ये असेल, आणि पुढच्या ओपन एनरोलमेंटला ड्यू डेट बघून एचएमओ की हाच, ते ठरवा. आल्या आल्या लगेच प्रयत्न करणार असाल, म्हणजे डिलिव्हरी २०२६ मध्येच येण्याची बऱ्यापैकी शक्यता असेल, तर एचएमओचं हॉस्पिटल बघून आत्ताच तो घ्यायचा विचार करा.

बाळ झाल्यावरचं एक काम, आणि हे चुकलं तर वरचा सगळा हिशोब पाण्यात. बाळाचं नाव प्लॅनमध्ये घालायला कायद्याने किमान ३० दिवस मिळतात, काही कंपन्या जास्त देतात पण ३० च धरा. वेळेत घातलंत तर कव्हर जन्माच्या दिवसापासून लागू होतं. "बायको प्लॅनवर आहे म्हणजे बाळ आपोआप आलं" असं नसतं. लोक बाळाच्या सोशल सिक्युरिटी नंबरची किंवा बर्थ सर्टिफिकेटची वाट बघत बसतात आणि तेवढ्यात महिना निघून जातो. नंबर नसताना नाव घाला, नंतर भरा. हॉस्पिटलचा जन्माचा कागद बहुतेक ठिकाणी चालतो. जागरणाच्या दिवसांत हे कोणाच्या लक्षात राहत नाही, म्हणून डिलिव्हरीआधीच पोर्टलवर कुठे क्लिक करायचं ते बघून ठेवा. चुकलंच तर मार्केटप्लेसमध्ये (स्वतः प्लॅन विकत घ्यायच्या सरकारी बाजारात) जन्मापासून ६० दिवसांची खिडकी असते, एच-वन आणि एच-फोरवाल्यांना तिथून प्लॅन घेता येतो, पण तो वेगळा खर्च. पुढे बायकोला वर्क परमिट मिळून तिचाही इन्शुरन्स झाला आणि बाळ दोघांच्या प्लॅनवर असेल तर कुठला पहिला हे आई-बाबांपैकी वर्षात ज्याचा वाढदिवस आधी येतो त्यावर ठरतं. वय नाही बघत, तारीख.

नोकरी गेली तर? एच-वनवाल्याने हा विचार करूनच ठेवावा. २० किंवा जास्त कर्मचाऱ्यांच्या कंपनीत कोब्रा मिळतो, म्हणजे तोच प्लॅन पूर्ण प्रीमियम अधिक २ टक्के स्वतः भरून साधारण १८ महिने चालू ठेवता येतो. निर्णयाला ६० दिवस असतात आणि घेतला की मागच्या तारखेपासून लागू होतो. महाग वाटतो कारण कंपनी किती भरत होती ते तेव्हा पहिल्यांदा कळतं. पण आठवा महिना चालू असेल आणि डिडक्टिबल भरून झालं असेल तर मी कोब्राच घ्यायला सांगेन, कारण नवीन प्लॅनमध्ये सगळं परत शून्यापासून.

भारतात डिलिव्हरीचं म्हणाल तर आत्ता घेतलेल्या भारतीय पॉलिसीचा उपयोग धरू नका, वेटिंग पिरियडमध्ये अडकेल, म्हणजे तिथला खर्च खिशातून. इथला प्लॅन परदेशात बहुतेक फक्त इमर्जन्सीला उपयोगी, ठरवून केलेल्या बाळंतपणाला नाही. विमान कंपन्या साधारण ३६ आठवड्यांच्या पुढे बसवत नाहीत आणि त्याआधीही डॉक्टरचं पत्र मागतात, परत येताना बाळाचा पासपोर्ट आणि एच-फोर व्हिसा लागेल, अपॉइंटमेंट कधी मिळेल त्यावर तुम्ही तिघं कधी एकत्र येणार ते अवलंबून. पैशाने स्वस्त पडेलही. पण तिला कुठे आधार वाटतो हे तिलाच विचारा, हा निर्णय इन्शुरन्सच्या कागदावरून घ्यायचा नाहीये.

आई-बाबांना मात्र व्हिजिटर पॉलिसी घ्याच, तुमच्या प्लॅनमध्ये ते बसत नाहीत. फिक्स्ड बेनिफिटवाल्या स्वस्त पॉलिसी प्रत्येक गोष्टीला ठरलेली छोटी रक्कम देतात, इथल्या बिलापुढे ती काहीच नाही, कॉम्प्रिहेन्सिव्ह बघा. त्यांच्या बीपी-शुगरचं नेहमीचं औषधपाणी त्यात येत नाही, अचानक बिघडलं तर किती देतात तेवढी ओळ नीट वाचा, आणि औषधं भरपूर बरोबर आणायला सांगा.

तुमचं शहर आणि तिन्ही प्लॅनच्या नेटवर्कची नावं टाकलीत तर हॉस्पिटलांना नेमकं काय विचारायचं ते लिहून देते. एचआरला मेल मात्र आजच करा, ओपन एनरोलमेंट संपली की तेही काही करू शकत नाहीत.